बंदराच्या नावाचा ड्यूक नामसूचीत कुठे बसवायचा?

माझ्या पहिल्याच नामसूचीत, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या यादीत, मार्माँ नावाचा फ्रेंच मार्शल दोनदा येऊन बसला. एकदा 'म' खाली, 'मार्माँ, ओग्युस्त' म्हणून आणि एकदा 'र' खाली, 'रागुझाचा ड्यूक' म्हणून. पृष्ठक्रमांक वेगवेगळे, माणूस मात्र एकच. भरीस भर म्हणजे अनुवादात रागुझावर तळटीप होती, 'सिसिलीतील शहर'. ती तपासायचं काम माझंच होतं. मी नकाशा उघडला, सिसिलीत रागुझा सापडलं आणि टीपेपुढे बरोबरची खूण करून मोकळी झाले. पुस्तक छापून आल्यावर एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. त्यात दोनच ओळी होत्या. सिसिलीतलं रागुझा डोंगरावर आहे, समुद्रावर नाही. आणि मार्माँचं रागुझा म्हणजे आजचं दुब्रोव्निक.

तेव्हापासून युरोपातल्या उमरावांचे किताब मी वेगळ्या कार्डांवर काढते, आणि त्यातही बंदरांच्या नावाचे किताब लाल पेन्सिलीने. बंदरं फार हात बदलतात, आणि प्रत्येक नवा मालक गावाला आपल्या भाषेतलं नाव देतो. शिवाय बंदर जिंकलं की त्याचं नाव सेनापतीला बहाल करायची राजांना मोठी हौस. तुम्ही अनुवाद करत असाल, मुद्रितं तपासत असाल किंवा नुसतेच पेन्सिल घेऊन इतिहास वाचत असाल, तर पुढची पद्धत उपयोगी पडेल.

कार्डाच्या दर्शनी बाजूला किताब मूळ पुस्तकात जसा छापलाय तसाच उतरवायचा, मूळ स्पेलिंगसकट. इथे शहाणपणा करायचा नाही. लेखकाने फ्रेंच रूप लिहिलं असेल तर फ्रेंच, इटालियन असेल तर इटालियन. तारांतोचं फ्रेंचमध्ये 'तारांत' होतं, हे कार्डावर दिसलंच पाहिजे, कारण पुढे कोडं सुटतं ते त्याच्यावरच. मागच्या बाजूला चार गोष्टी लिहायच्या: माणसाचं स्वतःचं आडनाव, किताब कुणी दिला, कोणत्या साली, आणि ते गाव आज कोणत्या देशात कोणत्या नावाने आहे. चारही रकाने भरल्याशिवाय कार्ड पेटीत जात नाही. निम्मी कार्डं आठवडाभर टेबलावरच पडून असतात, तो भाग वेगळा.

यातला 'कुणी दिला' हा रकाना सगळ्यांत मोलाचा. देणारा नेपोलियन असेल तर एक गोष्ट जवळजवळ गृहीत धरा: ड्यूकसाहेबांचा त्या गावावर कसलाही अंमल नव्हता. नेपोलियनने आपल्या माणसांना इटलीतल्या, एड्रियाटिकच्या काठावरच्या आणि इतरही गावांची नावं वाटली. किताबाबरोबर उत्पन्न मिळायचं, राज्य नाही. ओत्रांतो हे इटलीच्या टाचेवरचं छोटंसं बंदर. त्याचा ड्यूक १८०९ साली झाला तो फूशे, फ्रान्सचा पोलीसमंत्री, हेरांच्या जाळ्याचा मालक. त्याचा आणि ओत्रांतोचा संबंध किताबापुरता. फूशेचे वंशज पुढे स्वीडनमध्ये स्थायिक झाले आणि ओत्रांतोचं नाव तिथेही चालू राहिलं. गाएताचा ड्यूक म्हणजे अर्थमंत्री गोदँ. रेज्जोचा ड्यूक म्हणजे मार्शल उदिनो, आणि हे रेज्जो कालाब्रियातलं, मेसिनाच्या सामुद्रधुनीवरचं. उत्तर इटलीत एमिलियातलं रेज्जो वेगळं. तिथेही रागुझासारखीच ठेच लागते.

डान्झिगचं प्रकरण थोडं निराळं, कारण तिथे लढाई खरी होती. १८०७ च्या वसंतात मार्शल लेफेव्रने डान्झिगला वेढा घातला, मे महिन्यात गाव पडलं आणि लेफेव्र डान्झिगचा ड्यूक झाला. पण म्हणून तो तिथे गादीवर बसला असं नाही. तिल्सितच्या तहानंतर डान्झिग 'मुक्त शहर' झालं आणि तिथे फ्रेंच गव्हर्नर म्हणून बसला जनरल राप. आज ते पोलंडमधलं ग्दान्स्क. लेफेव्र अल्सासमधल्या साध्या घरातला, बायको आधी कपडे धुण्याचं काम करणारी. त्याच्याबद्दल एक किस्सा सांगतात. एक जुना दोस्त त्याचा वाडा, त्याचं वैभव पाहून हळहळला. लेफेव्र म्हणाला, "चल अंगणात. तीस पावलांवरून तुझ्यावर वीस गोळ्या झाडतो. वाचलास तर हे सगळं तुझं." दोस्त कुठला तयार होतोय! तेव्हा लेफेव्र म्हणाला, "हे मिळण्याआधी माझ्यावर हजार गोळ्या झाडल्या गेल्यात, तेही याहून जवळून." किस्सा शब्दशः खरा असेल-नसेल, पण 'डान्झिगचा' हा शब्द काय किमतीला आला ते त्यातून बरोबर कळतं.

मार्माँचंही तसंच. तो दाल्मेशियात फौज घेऊन होता. रागुझाचं शतकानुशतकांचं प्रजासत्ताक जानेवारी १८०८ मध्ये बरखास्त झालं ते त्याच्याच हुकमाने, आणि त्याच वर्षी तो त्या गावाचा ड्यूक झाला. पुढे १८१४ मध्ये त्याने पॅरिस शत्रूच्या हवाली करणारा करार केला आणि काही दिवसांत त्याचं सैन्य पलीकडे जाऊन मिळालं. फ्रेंच भाषेत मग 'रागुझा'वरूनच दगा देण्यासाठी एक क्रियापद रूढ झालं. बिचाऱ्या बंदराचा त्यात काय दोष? पण सूचीकाराने हे माहीत करून घ्यावं, कारण एखाद्या फ्रेंच आठवणीत 'त्याने रागुझा केलं' अशा अर्थाचं वाक्य आलं तर अनुवादक ते गाव समजून नकाशात शोधत बसतो.

आता एक कार्ड जवळून बघू. तारांतो. इटलीच्या बुटाच्या टाचेआतलं बंदर. माझ्या पेटीत 'तारांतो' नावाची तीन कार्डं आहेत, आणि तिन्ही माणसं वेगवेगळ्या जगातली. पहिला बोहेमंड, अकराव्या शतकातला नॉर्मन सरदार. तो तारांतोचा 'प्रिन्स', आणि खराखुरा: जमीन, किल्ले, सैन्य सगळं त्याच्या हाती. पहिल्या क्रुसेडमध्ये १०९८ साली अँटिओक घेतल्यावर तो अँटिओकचा प्रिन्स झाला. म्हणजे एकाच पुस्तकात शंभर पानांच्या अंतरात त्याचा किताब बदलतो. दुसरं कार्ड सतराव्या शतकातलं. फ्रान्समधल्या ला त्रेमोय घराण्याचा थोरला मुलगा स्वतःला 'तारांतचा प्रिन्स' म्हणवून घ्यायचा, कारण घराण्याचा नेपल्सच्या गादीवर दावा होता. तारांतोत त्यांची वीतभर जमीनही नव्हती. किताब म्हणजे फक्त दावा जिवंत ठेवायची युक्ती. तिसरं कार्ड मार्शल मॅकडोनाल्डचं. वडील स्कॉटलंडमधून फ्रान्सला आलेले, म्हणून आडनाव असं. १८०९ मध्ये वाग्रामच्या लढाईत पराक्रम केला, रणांगणावरच मार्शल झाला आणि त्याच वर्षी तारांतोचा 'ड्यूक'.

म्हणजे बघा, गाव एक, पण पहिल्याने तिथे राज्य केलं, दुसऱ्याने दावा सांगितला आणि तिसऱ्याला ते बक्षीस मिळालं. हे तीन प्रकार एकदा डोक्यात बसले की अर्धं काम होतं. 'तारांतो' पुस्तकात भेटलं की आधी प्रिन्स की ड्यूक ते पाहा, मग शतक पाहा. प्रिन्स आणि मध्ययुग असेल तर बोहेमंडच्या परंपरेतला राज्यकर्ता शोधा. प्रिन्स आणि चौदाव्या लुईचा दरबार असेल तर ला त्रेमोय. ड्यूक आणि नेपोलियन असेल तर डोळे मिटून मॅकडोनाल्ड.

आता चौथा रकाना, म्हणजे आजचं नाव. तो शेवटी लिहायचा असला तरी चुका सगळ्यांत जास्त इथेच होतात. दुराझो म्हणजे अल्बानियातलं आजचं दुरेस; नेपल्सचा राजा तिसरा चार्ल्स 'दुराझोचा चार्ल्स' म्हणून ओळखला जातो तो या गावावरून. याहून वाईट सापळा जेनोआ आणि जिनिव्हा यांचा. इटालियनमध्ये एक 'जेनोव्हा', दुसरं 'जिनेव्रा'. सव्हॉय घराण्यात दोन्हींच्या नावाचे किताब होते. कार्लो फेलिचे राजा होण्याआधी 'जेनेव्हेझे'चा ड्यूक होता, म्हणजे जिनिव्हाच्या आसपासच्या मुलखाचा. तिथे समुद्राचा थेंब नाही. जेनोआचा ड्यूक म्हणजे फेर्दिनांदो, दुसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलचा धाकटा भाऊ. घोळ पुरता व्हावा म्हणूनच की काय, जेनोआतल्या प्रसिद्ध ऑपेरागृहाला नाव आहे कार्लो फेलिचेचं! एका अनुवादाच्या प्रुफात मी दोघांना एकाच ओळीत, एकाच किताबाखाली सुखाने नांदताना पाहिलंय.

चेझारे बोर्जाची गोष्ट तर शिकवणीच्या पहिल्या दिवशी सांगावी अशी. त्याला लोक 'वालेंतिनो' म्हणायचे, कारण तो आधी वालेन्सियाचा आर्चबिशप आणि कार्डिनल होता. वालेन्सिया म्हणजे स्पेनचं भूमध्य समुद्रावरचं बंदर. १४९८ मध्ये त्याने कार्डिनलपद सोडलं आणि फ्रान्सच्या बाराव्या लुईने त्याला वालाँतिन्वाचा ड्यूक केलं. हा मुलूख वालाँस गावाभोवतीचा, फ्रान्समध्ये, ऱ्होन नदीवर. टोपणनाव तेच राहिलं, गाव मात्र समुद्रावरून नदीवर गेलं. म्हणून १४९८ च्या आधीचा वालेंतिनो बंदराचा आणि नंतरचा नदीकाठचा. बोर्जा घराण्याला बंदराजवळचा किताब हवाच असेल तर गांदियाचा ड्यूक घ्या: वालेन्सियाच्या दक्षिणेला, किनाऱ्यालगतचं गांदिया. त्याचा एक ड्यूक खून होऊन १४९७ मध्ये टायबर नदीत सापडला, आणि पुढचा एक ड्यूक फ्रान्सिस्को दे बोर्जा सगळं सोडून जेझुइट झाला आणि मरणोत्तर संतपदाला पोचला. एका घराण्याच्या एका किताबाखाली दोन टोकं!

ब्रिटिश किताबांना निराळे नियम. तिथे माणूस आयुष्यात तीन नावांनी वावरतो आणि लेखक तिन्ही वापरतात. १८१२ ते १८२७ पंतप्रधान असलेले लॉर्ड लिव्हरपूल जन्माने रॉबर्ट जेंकिन्सन. वडील १७९६ मध्ये लिव्हरपूलचे अर्ल झाले तेव्हा मुलगा झाला लॉर्ड हॉक्सबरी. १८०८ मध्ये वडील वारले तेव्हा तो स्वतः लिव्हरपूल. १८०३ च्या पत्रात 'हॉक्सबरी' आणि १८१५ च्या पत्रात 'लिव्हरपूल' दिसलं तर दोन मंत्री समजू नका. नोंद 'लिव्हरपूल' खाली करा. उरलेल्या दोन नावांना फक्त 'पहा' द्या, म्हणजे 'लिव्हरपूल पहा' एवढीच सूचना.

स्पेलिंगही जपा. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या स्कारबरो गावाचं स्पेलिंग एक, आणि तिथल्या अर्लच्या किताबाचं दुसरं. किताबात मधला 'ओ' गायब असतो. मराठीत दोन्ही 'स्कारबरो'च, त्यामुळे आपली सुटका होते. कार्डाच्या दर्शनी बाजूला मात्र तो 'ओ' घालून दुरुस्ती करू नये.

मराठी वाचकाला सगळ्यांत जवळचा गोंधळ हेस्टिंग्जचा. हेस्टिंग्ज हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं गाव. वॉरन हेस्टिंग्जचं ते नुसतं आडनाव. त्याला उमरावपद कधी मिळालंच नाही, त्यामुळे त्याला 'लॉर्ड' लावणं चूक. १८१७-१८ च्या मराठ्यांबरोबरच्या युद्धातला गव्हर्नर-जनरल वेगळा: फ्रान्सिस रॉडन, आधी अर्ल ऑफ मॉयरा, नंतर मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज. आता हा किताब गावावरून आला का? दिसतो तसा. पण त्याच्या आईचं घराणं हेस्टिंग्ज, आणि त्या घराण्याचं आडनाव गावावरून. म्हणजे गाव, गावावरून आडनाव आणि आडनावावरून किताब. कार्डाच्या मागे मी 'आईकडून' एवढंच लिहून ठेवलंय. आधीच्या प्रकरणांत 'मॉयरा' आणि नंतरच्या प्रकरणांत 'हेस्टिंग्ज' असेल तर दोन्हींची पानं एका नोंदीत आणायला विसरू नका.

ब्रिटिशांचा आणखी एक प्रकार म्हणजे आडनावापुढे गाव जोडणं. फील्डमार्शल अलेक्झांडर १९४६ मध्ये 'व्हायकाउंट अलेक्झांडर ऑफ ट्युनिस' झाला आणि १९५२ मध्ये अर्ल. इथे ट्युनिस ही आठवण आहे, १९४३ च्या विजयाची. नोंद 'अ' खालीच. 'ट' खाली कुणी शोधणार नाही. एडिंबराचं मात्र वेगळं: ड्यूक ऑफ एडिंबरा हा किताब १७२६, १८६६, १९४७ आणि २०२३ अशा सालांत नव्याने दिला गेला. नुसतं 'ड्यूक ऑफ एडिंबरा' म्हणून नोंद केली तर राणी व्हिक्टोरियाचा मुलगा आल्फ्रेड आणि राणी एलिझाबेथचा नवरा फिलिप एकाच ओळीत येतात. तिथे व्यक्तीचं नाव आधी, किताब कंसात, साल सोबत.

रशियन पद्धत मला फार आवडते. १७७० मध्ये चेस्मेच्या उपसागरात तुर्की आरमार जाळलं गेलं. रशियाकडून सेनापती होता अलेक्सेई ओर्लोव्ह. त्याच्या आडनावाला गाव चिकटलं: ओर्लोव्ह-चेस्मेन्स्की. ऐकायला आपल्या '-कर'सारखं वाटतं, जणू ओर्लोव्ह चेस्मेकर. पण अर्थ नेमका उलटा. आपला '-कर' त्या गावचा असतो. ओर्लोव्हने त्या गावासमोर जाळपोळ केली होती. नोंद 'ओर्लोव्ह' खाली, जोडनाव पूर्ण ठेवून.

स्पेन-पोर्तुगालमध्ये किताब परत घेतले जाण्याचीही नोंद ठेवावी लागते. काडिझचा किताब पोन्से दे लेओन घराण्याकडे होता. १४९३ मध्ये राजसत्तेने काडिझ परत घेतलं आणि त्या घराण्याला बदल्यात आर्कोसचं ड्यूकपद दिलं. म्हणजे १४९२ च्या काडिझचा वारसदार पुढे आर्कोस या नावाने सापडतो. अलीकडचं उदाहरण पाल्माचं: स्पेनची राजकन्या (इन्फांता) क्रिस्तिना हिला १९९७ मध्ये मिळालेलं पाल्मा दे मायोर्काचं डचेसपद २०१५ मध्ये तिचा भाऊ राजा सहावा फेलिपे याने काढून घेतलं. त्यानंतरच्या घटनांत तिला 'पाल्माची डचेस' म्हणणं चूक. पोर्तुगालमध्ये तर शिक्षा जमिनीपर्यंत गेली. राजा पहिला जोसे याच्यावर १७५८ मध्ये हल्ला झाला. त्या प्रकरणात अवैरोच्या ड्यूकला जानेवारी १७५९ मध्ये देहदंड दिला गेला. लिस्बनच्या बेलेंमधला त्याचा वाडा पाडून जमिनीवर मीठ पेरलं, तिथे काही उगवू नये म्हणून. त्याची साक्ष म्हणून उभारलेला दगडी खांब आजही तिथल्या गल्लीत उभा आहे.

बार्सिलोना सगळ्यांत अवघड. 'काउंट ऑफ बार्सिलोना' ऐकायला साधा काउंट वाटतो, पण बार्सिलोनाच्या काउंटचं घराणं बाराव्या शतकात अरागॉनच्या गादीशी जोडलं गेलं आणि तेव्हापासून तो राजाचाच किताब. म्हणूनच राज्य न मिळालेल्या हुआन दे बोर्बोनने तोच निवडला. १९७७ मध्ये मुलासाठी, म्हणजे राजा हुआन कार्लोससाठी, गादीवरचा हक्क सोडला, तरी बार्सिलोना सोडलं नाही. अशा किताबापुढे मी कार्डावर 'दिसतो त्याहून मोठा' असं लिहिते.

आता मराठीचा प्रश्न. 'डान्झिगचा ड्यूक' लिहिलं की 'चा' हा प्रत्यय मालकी सांगतो. वाचकाला वाटतं डान्झिग याच्या ताब्यात. राज्यकर्ता असेल तिथे 'चा' बेलाशक वापरा: तारांतोचा प्रिन्स बोहेमंड. बक्षिसाचा किताब असेल तर पहिल्या उल्लेखाला 'डान्झिगचा ड्यूक हा किताब मिळालेला लेफेव्र' असं सविस्तर लिहा आणि पुढे नुसतं 'लेफेव्र'. 'डान्झिगचा सरदार' वगैरे भाषांतर करू नका. त्यातून आणखी तिसराच अर्थ निघतो.

नोंद कुठे करायची याला माझी कसोटी एकच: वाचक कोणतं नाव मनात घेऊन पान उलटेल? नेपोलियनच्या मार्शलांना आडनावाने शोधतात, ब्रिटिश उमरावांना बहुधा किताबाने. पण पुस्तकाप्रमाणे हेही फिरतं. असईच्या लढाईच्या पुस्तकात वाचक 'वेलस्ली' शोधतो, वॉटर्लूच्या पुस्तकात 'वेलिंग्टन', आणि माणूस तोच.

एक शेवटचं, यांत्रिक पण महत्त्वाचं. संगणकाला अकारविल्हे लावायला सांगितलं की तो 'ड्यूक ऑफ...'ने सुरू होणाऱ्या सगळ्या नोंदी 'ड' खाली गोळा करतो, 'प्रिन्स' सगळे 'प' खाली. लावण्याआधी किताबाचा शब्द स्वल्पविराम देऊन मागे न्या: 'लिव्हरपूल, अर्ल ऑफ'. मग पहिलं प्रूफ आलं की पेटीतली लाल कार्डं गावांच्या क्रमाने मांडा, व्यक्तींच्या नव्हे. तारांतोची तीन शेजारी, रेज्जोचं एक, जेनोआचं एक आणि त्याला लागून जिनिव्हाचं. एका गावाखाली दोन कार्डं निघाली की दोन्ही उलटून मागचे रकाने ताडून बघा: आडनाव तेच असेल तर एक कार्ड फाडायचं, आणि त्याचे पृष्ठक्रमांक दुसऱ्यावर उतरवून घ्यायचे. फाडायच्या आधी उतरवायचे.